मुद्रणाची जबाबदारी कोणाची? : क्यूटी व जीटीके या टूलकिटांचे एक परीक्षण

संगणकाच्या पडद्यावर खिडक्या, बटणे व मेनू उभे करणाऱ्या टूलकिटांचे मूल्यमापन बहुधा त्यांच्या दर्शनी रूपावरून होते. मुद्रणाचा विचार त्यात परिशिष्टासारखा शेवटी येतो. वस्तुतः टूलकिटाच्या मूळ कल्पना कितपत पक्क्या आहेत, याची कसोटी मुद्रणातच लागते. पडद्यावर चुकलेले चित्र क्षणात पुन्हा काढता येते. कागदावर उमटलेले पान परत घेता येत नाही.

नॉर्वेतील ट्रोलटेक या कंपनीने १९९५ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेल्या क्यूटीची भूमिका एकत्वाची आहे. चित्र काढणारा क्यूपेंटर एकच. तो पडद्यावर जसा चालतो तसाच क्यूप्रिंटरवरही चालतो. पान संपले की नव्या पानाची आज्ञा द्यावयाची, एवढाच काय तो दिसण्यात फरक. २०१२ च्या पाचव्या आवृत्तीत मुद्रणाचा भाग स्वतंत्र मॉड्यूलमध्ये गेला व प्रकल्पाच्या फाइलीत त्याचा उल्लेख करणे आवश्यक झाले. ही मांडणी सुटसुटीत आहे यात शंका नाही.

परंतु पडदा आणि कागद यांचे हे एकत्व अर्धसत्य आहे. ९६ बिंदू प्रति इंच अशा पडद्यावर ६०० बिंदूंची रेषा सव्वासहा इंच भरते. ६०० बिंदूंच्या प्रिंटरवर तीच रेषा एका इंचात संपते. या अडचणीवर क्यूटीने योजलेला उपाय म्हणजे प्रिंटरलाच पडद्याची घनता देणे. हीच पद्धत तेथे गृहीत धरलेली आहे. आणि ती केवळ कच्च्या प्रतीसाठी वापरावी, असे क्यूटीचे स्वतःचेच दस्तऐवज सांगतात! उत्तम छपाई हवी असेल तर उच्च घनता निवडून अक्षरांची मापे प्रिंटरच्या संदर्भात पुन्हा घ्यावी लागतात. देवनागरीसारख्या लिपीत, जेथे जोडाक्षरांमुळे शब्दाची रुंदी वर्णसंख्येवरून ठरत नाही, तेथे ही दक्षता न घेतल्यास ओळी भलत्याच ठिकाणी तुटतात.

याहून गंभीर आक्षेप जबाबदारीविषयी आहे. मुद्रणाच्या संवादचौकटीत वापरणारा ‘पृष्ठ ३ ते ५’ असे लिहितो. ही निवड क्यूप्रिंटर नोंदवून ठेवतो. तिचे पालन मात्र आज्ञावली लिहिणाऱ्याने करावयाचे असते. पानांच्या क्रमाचेही तसेच. म्हणजे वचन टूलकिट देते आणि ते पाळण्याचा भार दुसऱ्यावर पडतो. तो विसरला तर तीन पानांऐवजी सबंध ग्रंथ छापून बाहेर येतो, आणि वापरणाऱ्यास दोष कोणाचा हेही कळत नाही.

जीटीकेने २००६ मध्ये, २.१० या आवृत्तीत, निराळा मार्ग पत्करला. तेथे पानांचे आवर्तन टूलकिटाच्या हाती असते. आज्ञावलीने प्रथम एकूण पृष्ठसंख्या सांगावी. नंतर टूलकिट जे पान मागेल तेवढेच काढून द्यावे. कोणती पाने व कोणत्या क्रमाने, याचा निर्णय टूलकिट स्वतः अमलात आणते. मजकुराची मांडणीही मुद्रणाच्या संदर्भातूनच मिळते, त्यामुळे मापांचा घोटाळा टळतो.

या शिस्तीची किंमत आहेच. प्रत्येक पान आधीच्या पानावाचून स्वतंत्रपणे काढता आले पाहिजे, व त्यासाठी पृष्ठविभागणी अगोदरच पूर्ण झाली पाहिजे. मजकूर ओघाने सोडत जाणाऱ्या जुन्या आज्ञावलीस हे जाचक वाटेल. अशा ठिकाणी क्यूटीचे स्वातंत्र्य उपयोगी पडते. शिवाय २००८ मध्ये ४.४ या आवृत्तीत आलेल्या पूर्वदर्शनाच्या सोयीमुळे रेखाटनाचे एकच कार्य पूर्वदर्शन व छपाई या दोहोंस पुरते, हे श्रेयही क्यूटीस दिले पाहिजे.

तथापि स्वातंत्र्य आणि उपेक्षा यांत भेद केला पाहिजे. क्यूटीने कागदाला पडद्याचे दुसरे रूप मानले. जीटीकेने पान हे स्वतंत्र एकक मानले. मुद्रणाच्या बाबतीत दुसरी दृष्टी अधिक यथार्थ ठरते. जी निवड टूलकिट वापरणाऱ्यापुढे मांडते, ती पाळण्याचे दायित्वही त्यानेच पत्करावे, हे तत्त्व त्याच दृष्टीत सुरक्षित राहते.