साडेतीन कोटी डॉलर आणि एक यादी

नेटफ्लिक्सवर 'द रेड सी डायव्हिंग रिसॉर्ट' (२०१९) पाहिला असेल, तर इथिओपियातल्या ज्यूंची सुटका म्हटल्यावर पिळदार दंडांचे मोसाद एजंट आणि काळोखातल्या बोटीच डोळ्यांसमोर येतात. माझंही तसंच झालं होतं. मग आशर नईम यांचं 'सेव्हिंग द लॉस्ट ट्राइब' (२००३) हाती लागलं. नईम गुप्तहेर नव्हते. यादवी युद्ध अदिस अबाबाच्या वेशीवर येऊन ठेपलं, तेव्हा ते तिथले इस्रायलचे राजदूत होते. त्यांचं हत्यार म्हणजे बैठका, घासाघीस आणि वाट पाहणं. तरी पुस्तक खाली ठेववत नाही.

कारण घासाघीस माणसांची आहे. हुकूमशहा मेंगिस्टूला बंडखोरांशी लढायला शस्त्रं हवी होती. शेवटी सौदा ठरला साडेतीन कोटी डॉलरवर. मेंगिस्टू २१ मे १९९१ला झिम्बाब्वेला पळाला. २४ तारखेला विमानं उडू लागली आणि जेमतेम ३६ तासांत १४ हजारांहून जास्त माणसं इस्रायलला पोचली. एका जम्बोत तर हजारावर माणसं होती! २८ला बंडखोर राजधानीत शिरले. मी न राहवून फोनवर भागाकार केला : डोई साधारण २,४०० डॉलर. एका बऱ्या लॅपटॉपची किंमत. आकडा बोचतो, पण दुसरं काय करता आलं असतं, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

आत्मकथनात लेखक मधोमध उभा राहणारच. पण वाटाघाटींचं सुकाणू उरी लुब्रानी यांच्याकडे होतं, अमेरिकेचा दबाव होता, आणि सगळ्यांआधी गोंदरकडची गावं सोडून अदिसला आलेली, महिनोन् महिने झोपड्यांत थांबलेली माणसं होती. स्टीफन स्पेक्टर यांचं 'ऑपरेशन सॉलोमन' (२००५) ही गर्दी नीट दाखवतं. नईम सोबत तेही वाचावं.

माझं खरं भांडण मात्र शीर्षकाशी आहे. 'हरवलेली जमात', पण कोणाच्या लेखी? बेटा इस्रायल स्वतःला हरवलेले समजत नव्हते. इस्रायलमध्ये गेल्यावर धर्मगुरूंनी त्यांच्या ज्यूपणावर शंका घेतली. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलींनी साठच्या दशकात तिथे हेच सोसलं होतं.

माझं रोजचं काम डेटा गाळण्याचं. एक अट बदलली की शंभर ओळी गळतात, आणि कोणाचं काही बिघडत नाही. अदिसमधल्या यादीलाही अट होती. ज्यांच्या पूर्वजांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, ते फलाश मुरा त्या अटीत बसले नाहीत. असे काही हजार लोक विमानं गेल्यावर मागे उरले. त्यांच्यातल्या अनेकांना पुढे कैक वर्षं अदिस आणि गोंदरमध्ये वाट पाहत काढावी लागली.