नाथांची अर्जदस्त आणि परचक्रातली भाषा



परचक्र आले म्हणजे काय काय जाते, हे आपल्याला ठाऊक आहे. राज्य जाते, देवळे पडतात, उभी पिके घोड्यांच्या पायाखाली जातात, माणसे देशोधडीला लागतात. पण बोलण्याचे काय होते, हे आपण क्वचितच विचारतो. जिंकलेल्याची भाषा हरलेल्याच्या तोंडी येते. ती आधी कचेरीत येते, मग बाजारात आणि शेवटी घरात. अशा भाषेचे संतांनी काय केले, हे पाहायचे असेल तर श्री एकनाथ महाराजांचे ‘अर्जदस्त’ हे भारूड उघडावे. आज त्याचाच थोडा विचार करू.

आधी काळ लक्षात घ्या. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे सन १२९० ची. तेव्हा देवगिरीला रामदेवराव यादवांचे राज्य होते आणि माउलींनी ग्रंथाच्या अखेरीस त्यांचा उल्लेख केला आहे. १२९६ मध्ये माउलींनी समाधी घेतली आणि त्याच वर्षी अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. १३१८ पर्यंत यादवांचे राज्य संपले. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने त्याच देवगिरीचे दौलताबाद करून तिला राजधानी केले. पुढे बहमनी आली, मग निजामशाही. नाथ सोळाव्या शतकातले. पैठण निजामशाहीत होते. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर सुलतानाच्या चाकरीत होते, अशी परंपरा आहे. म्हणजे राजा कोण, हिशेब कोणत्या शब्दांत लिहायचा, अर्ज कसा करायचा, हे सर्व नाथांनी जवळून पाहिलेले होते.

‘अर्जदस्त’ म्हणजे हाताखालच्या माणसाने वरच्या धन्याला लिहिलेला विनंतीअर्ज. नाथांनी कचेरीतला हा कागद उचलला आणि त्याचे भारूड केले. सलाम आहे, बंदगी आहे, परगणा आहे, किल्ला आहे. पण परगण्याचे नाव शरीराबाद आणि किल्ल्याचे नाव कायापुरी. अर्ज करणारा जिवाजी शेखदार, त्याचा कारकून बुधाजी. जीव आणि बुद्धी सरकारी कामावर परगण्यात येतात आणि पाहतात, तो गावचे जमेदार काही चालू देत नाहीत. हे जमेदार कोण? दंभाजी शेटे, कामाजी महाजन, मनीराम देशमुख, ममताई देशपांडीण, क्रोधाजी नाईकवाडी. आणि मागून यमाजीपंताची तलब येणार, हे भय आहेच.

आता ही नावे पुन्हा वाचा. शेटे, महाजन, देशमुख, देशपांडे, नाईकवाडी. यांत सुलतान कोठे आहे? परका कोठे आहे? सगळे वतनदार आपलेच. नाथांना काळाची जाण नव्हती असे कोणी म्हणू नये. उलट त्यांनी काळाचे वर्म नेमके ओळखले होते. राज्य परक्याचे असले तरी रयतेच्या दारात वसुलीला जो उभा राहत असे, तो बहुधा गावचा, आपल्याच भाषेत बोलणारा माणूस होता. परचक्र पहिल्या दिवशी तलवारीने येते. ते शेकडो वर्षे टिकते ते मात्र आपल्यातल्या दंभ, काम आणि क्रोधाच्या आधारावर. हा सिद्धांत नाथांनी हसत हसत सांगितला आणि देशमुखालाही तो समोर बसून ऐकावा लागला असेल.

येथे कोणी शंका घेईल की सलाम, बंदगी ही गुलामीची भाषा संताने का वापरावी? शंका रास्त आहे. उत्तर भारुडातच आहे. अर्ज ज्या साहेबाला केला आहे, तो साहेब पैठणवर राज्य करणारा नव्हे. तो परमात्मा आहे. नाथांनी दरबार तसाच ठेवला, कागदाचा मायना तसाच ठेवला, फक्त गादीवरचा धनी बदलला. ज्या शब्दांनी माणूस रोज वाकत होता, ते शब्द देवाच्या पायी नेऊन घातले. भाषा टाकून देता येत नव्हती, म्हणून ती सोवळी करून घेतली.

आणि हे एकट्या नाथांचे काम राहिले नाही. आपली वारी पाहा. समाजआरतीला ज्याचा दंड वर होताच टाळ-मृदंग थांबतात, तो चोपदार. हा शब्द फारसी. पालखीपुढचा नगारा, रोजची मजल, रात्रीचा मुक्काम, हे शब्द फौजेबरोबर फिरणारे, अरबी-फारसीतून आलेले. कपाळी लागणारा अबीर हाही अरबी. एकेकाळी ज्या शब्दांनी लोकांच्या पोटात गोळा येत असे, ते शब्द ऐकून आज आपण पायातली चप्पल काढतो.

पण नाथांनी फक्त सामावून घेतले, असे म्हटले तर ते अर्धेच सत्य होईल. जे राखायचे ते त्यांनी कडक राखले. अडीचशे-तीनशे वर्षांच्या धामधुमीत ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत पाठभेद घुसले होते. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ ला, नाथांनी ती शुद्ध केली आणि तीत कोणी आपली ओवी घालू नये असे बजावले. भारुडात परकी भाषा मोकळ्या हाताने घेणारा हाच पुरुष माउलींच्या ग्रंथात एक अक्षर इकडचे तिकडे होऊ देत नाही. कोठे सैल राहायचे आणि कोठे घट्ट, हा विवेक त्यांच्याकडून शिकावा.

पुढे काळ पालटला. इतिहासाचार्य राजवाड्यांनी जुन्या पत्रांतले शब्द मोजले. १६२८ च्या पत्रात मराठी शब्द शेकडा सुमारे १४, १६७७ च्या पत्रात सुमारे ६२, आणि १७२८ च्या पत्रात ९३ च्या वर. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करविला, तो याच मधल्या काळात. राज्य आले तशी भाषाही परत आली. पण ती परत यायला जागा उरली होती, कारण मधल्या काळात घरोघर ओवी आणि अभंग चालू होते. कचेरीने जे गमावले ते टाळकऱ्यांनी जपले.

नाथांचे ‘हिंदु-तुर्क संवाद’ हे दुसरे भारूड याच्याशेजारी ठेवून वाचावे. त्यात दोघेही एकमेकांना धारेवर धरतात. मूर्ती, आचार, खाणेपिणे, काहीही सुटत नाही. शब्द बोचरे आहेत, ते झाकण्याचे कारण नाही. शेवटी दोघे एकमेकांना ओळखतात आणि सलोखा होतो. माझ्या मते हा शेवट जरा लवकर येतो. खरे भांडण इतक्या सहज मिटत नाही आणि हे नाथांनाही कळत असणार. तरी या रचनेची किंमत वेगळी आहे. राज्य ज्याच्या धर्माचे, त्याच्याशी बरोबरीने बसून वाद घालणारा हिंदू येथे दिसतो. तो घाबरत नाही आणि द्वेषही करीत नाही.

हे सांगण्याचे कारण आजचे आहे. अलीकडे काही कीर्तनांत स्वाऱ्यांचे वर्णन असे होते की श्रोत्यांच्या मुठी आवळतात, टाळ्या पडतात आणि अभंगाचा चरण बाजूला राहतो. दुसरीकडे काही जण तो इतिहासच गाळतात, म्हणे कोणाला वाईट वाटायला नको. दोन्ही वाटा नाथांच्या नाहीत. पंढरीनेही स्वाऱ्यांचा उपद्रव सोसला आहे, ते सांगावे, स्पष्ट सांगावे. पण सांगून झाल्यावर श्रोता उठताना शेजाऱ्याकडे रागाने पाहतो, की आपल्या शरीराबादेतला दंभाजी शेटे शोधतो, ही कसोटी वक्त्याने स्वतःला लावावी.

‘अर्जदस्त’ आज फडावर क्वचितच ऐकू येते. शब्द कळत नाहीत, लोक कंटाळतात, असे तरुण कीर्तनकार सांगतात. मग शब्द समजावून सांगा. शेखदार कोण, तलब म्हणजे काय, हे पाच मिनिटांत सांगून होते. माझा गळा आता साथ देत नाही, पण आपल्या दिंडीत भारुडाच्या रात्री कोणी तरी ही अर्जदस्त एकदा उभी करावी, एवढी विनंती या लेखातून करतो.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल.