घराचं श्रेय की हाताचं? होमस्कूलिंगवरचं संशोधन वाचताना

"घरी शिकणारी मुलं प्रत्यक्ष करून शिकतात, म्हणून त्यांना जास्त समजतं" हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे ऐकलं असेल. पोळीचे तुकडे करून अपूर्णांक, बाजारात भाजी घेताना हिशोब, कुंडीत मेथी पेरून वनस्पतिशास्त्र. कल्पना छान आहे आणि मलाही आवडते. माझा आक्षेप त्या वाक्यातल्या 'म्हणून' या एका शब्दावर आहे. संशोधनाच्या तयारीत असाल तर असे 'म्हणून' पकडण्याची सवय आतापासूनच लावून घ्या.

आधी कागदावर चार चौकटी काढा. घरी राहून करून शिकणं, घरी राहून पुस्तकातून शिकणं, शाळेत जाऊन करून शिकणं, शाळेत जाऊन पुस्तकातून शिकणं. वरचं वाक्य पहिल्या चौकटीची तुलना थेट चौथीशी करतं. म्हणजे दोन गोष्टी एकदम बदलल्या, जागा आणि पद्धत. मग फरक दिसला तरी श्रेय कोणाला द्यायचं? मधल्या दोन चौकटी पाहिल्याशिवाय ते सांगता येत नाही.

आता अभ्यास बघू. सर्वांत जास्त उल्लेख होतो तो लॉरेन्स रुडनर यांच्या अमेरिकेतल्या अभ्यासाचा. तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. ११,९३० कुटुंबांतली २०,७६० मुलं. आकडा बघूनच आपण निम्मे पटलेले असतो! निकालही झकास, मुलांचे गुण राष्ट्रीय सरासरीच्या बरेच वर. पण ही मुलं आली कुठून? एका ठरावीक संस्थेची चाचणी सेवा घेणाऱ्या कुटुंबांतून. पालकांचं शिक्षण आणि उत्पन्न देशाच्या सरासरीपेक्षा जास्त होतं. ज्यांनी चाचणी घेतलीच नाही ती घरं या आकड्यात नाहीत. यालाच सिलेक्शन बायस म्हणतात. सॅम्पल वाढवलं म्हणून तो जात नाही. चुकीच्या काट्यावर हजार वेळा वजन केलं तरी वजन बरोबर येत नाही, तसंच. यावरून होमस्कूलिंग श्रेष्ठ ठरत नाही, हे खुद्द रुडनर यांनीच लिहून ठेवलंय. उल्लेख करणारे नेमका तोच भाग गाळतात.

दुसरा अभ्यास लहान, पण आपल्यासाठी जास्त कामाचा. कॅनडात सँड्रा मार्टिन-चँग आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ५ ते १० वर्षांची ३७ घरी शिकणारी आणि ३७ शाळेत जाणारी मुलं तपासली. त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली, घरी शिकणाऱ्यांचे दोन गट पाडले. आखणी करून शिकवली जाणारी २५ मुलं शाळेतल्या मुलांच्या पुढे होती. कुठलीही आखणी नसलेली, मुलाच्या कलाने चालणारी १२ मुलं मागे होती. घर दोघांकडेही होतं! म्हणजे नुसत्या 'घरा'ने काम झालं नाही. पण जपून. १२ हा फार छोटा गट आहे आणि सगळी कुटुंबं स्वतःहून पुढे आलेली. शिवाय आखणी म्हणजे पुस्तकच असं नाही, आखणी करूनही हाताने शिकवता येतं. या अभ्यासाने 'घर' ही चौकट फोडली, 'हात' तपासला नाही.

मग हाताचं काय? डेव्हिड क्लार आणि मिलेना निगम यांचा २००४ चा प्रयोग बघा. तिसरी-चौथीतली ११२ मुलं, उतरती फळी आणि चेंडू. चेंडू लांब जातो तो उतारामुळे, पृष्ठभागामुळे, की आणखी कशामुळे? हे शोधायचं तर एका वेळी एकच गोष्ट बदलायला हवी. एका गटाला कोणी काही सांगितलं नाही, त्यांनी आपल्या हाताने फळ्या मांडत राहायचं. दुसऱ्या गटाला चांगली आणि वाईट तुलना दाखवून कारण समजावलं. ही युक्ती नीट जमलेली मुलं समजावलेल्या गटात ७७ टक्के, स्वतः शोधणाऱ्या गटात २३ टक्के. हात जास्त चालले ते कमी शिकले.

लगेच "करून शिकणं खोटं" असा निष्कर्ष काढू नका. २००७ मध्ये डीन आणि कून यांनी हाच प्रश्न लांब पल्ल्यात तपासला. एकदा समजावून सांगितलेलं हळूहळू ओसरलं. आठवड्यांमागून आठवडे सराव करणाऱ्या मुलांत ते टिकलं. म्हणजे हात लागतोच, पण प्रश्न, तुलना आणि वेळ यांच्यासोबत.

गंमत बघा, क्लार यांची मुलं जी युक्ती शिकत होती, 'एका वेळी एकच बदल', तीच होमस्कूलिंगच्या आपल्या चर्चेत हरवलेली असते.

आपल्याकडचं नेहमीचं उदाहरण मुंबईच्या मालविका जोशीचं. सातवीत शाळा सोडली, आंतरराष्ट्रीय माहितीशास्त्र ऑलिम्पियाडमध्ये तीन पदकं मिळवली, २०१६ मध्ये एमआयटीत प्रवेश. कौतुक आहेच. पण तिच्या वाटेवर ऑलिम्पियाडचं प्रशिक्षण होतं, चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट होती. शिवाय यशस्वी झाली म्हणून ती बातमीत आली. ज्यांचं जमलं नाही त्यांची बातमी होत नाही.

आता तिसरी चौकट, शाळा आणि हात. त्यासाठी आपल्याला लांब जायची गरज नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात गांधीजींनी शिक्षण परिषद बोलावली. तिथून निघालेल्या झाकीर हुसेन समितीने रोजच्या साडेपाच तासांतले ३ तास २० मिनिटं हस्तव्यवसायाला दिले. टकली, सूत, त्यातूनच मोजमाप आणि गणित. आणि ही नई तालीम सर्वांच्या शाळांसाठी होती. नागपुरातच अपूर्व विज्ञान मेळ्यात महापालिका शाळांतली मुलं घरगुती वस्तूंतून प्रयोग करून दाखवतात. घरी वेळ देऊ शकणारे, शिकलेले पालक त्यातल्या अनेकांकडे नाहीत.

म्हणून श्रेयाचा हा वाद नुसता पद्धतीचा राहत नाही. श्रेय घराला दिलं, तर उपाय फक्त परवडणाऱ्या कुटुंबांपुरता उरतो. श्रेय नीट मांडलेल्या हातकामाला असेल, तर ते प्रत्येक शाळेकडे मागता येतं. तुमच्या शोधनिबंधाच्या 'म्हणून'वरून उद्या कोणी मुलाला शाळेतून काढेल, कोणी शाळेला प्रयोगाचं साहित्य नाकारेल.

या विषयावर सिनॉप्सिस लिहिणार असाल तर गृहीतकाच्या आधी त्या चार चौकटी भरा. प्रत्येकीत तुम्हाला नागपुरात कोणती मुलं मिळतील, किती, आणि कोण कधीच मिळणार नाही, तेही लिहा. आपल्याकडे घरी शिकणाऱ्या मुलांची नोंदवही नाही, त्यामुळे पहिली चौकट ओळखीपाळखीतूनच भरेल. ती मर्यादा शेवटच्या प्रकरणात लपवू नका, पहिल्या पानावर मांडा. गाईड कुरकुरतील कदाचित, पण तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तिथलाच येतो.