न पाहिलेल्या पर्वताची निळाई

निळा रंग म्हटला की आपणांस पवित्र मरियेचे वस्त्र आठवते. चिनी चित्रकार चांग दाछ्येन (१८९९–१९८३) यांच्या निळाईपुढे ही सवय बाजूस ठेवावी. हा रंग म्हणजे तांब्याच्या निळ्या खनिजाची पूड. तुनह्वांगच्या बौद्ध गुंफांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करताना (१९४१–४३) त्यांनी तो निकटून अभ्यासला. १९५७ मध्ये दृष्टी अधू झाली, बारीक रेषा दुरावली. पुढे ते रंग ओतू लागले. काही चित्रांत नुसती दिपवणूक आहे, हे मान्य. परंतु तैवानात १९८१ मध्ये आरंभिलेले, अपुरेच राहिलेले लुशान पर्वताचे चित्र पाहावे! १९४९ मध्ये मायभूमी सोडलेल्या या वृद्धाने लुशान कधी पाहिलाच नव्हता. तेथे शाईच्या काळोखातून निळा उसळतो, धुक्यात विरतो आणि पर्वताला जवळ येऊ देत नाही.