कोंबडा ग्रंथात, कोंबडी परसात

आपल्या वाङ्मयात कुक्कुटाला जे स्थान लाभले ते कुक्कुटीला लाभले नाही, याकडे आमच्या रसिक टीकाकारांचे लक्ष कसे गेले नाही याचे आम्हांस नवल वाटते. कार्तिकेयाच्या हाती कोंबडा आहे. बडोद्याकडील वाचकांस परिचित असलेल्या बहुचरामातेचे वाहन कोंबडा आहे. वात्स्यायनाने चौसष्ट कलांत मेंढे, कोंबडे व लावे झुंजविण्याची कला गणली आहे. आणि दंडीच्या दशकुमारचरितात प्रमती श्रावस्तीच्या वाटेवर जी झुंज पाहतो, तीत तर कोंबड्यांच्या नारिकेल व बलाका या जातींचीही नावे आली आहेत. तेव्हा निरीक्षण नव्हते असे नव्हे. निरीक्षण होते, पण ते झुंजीच्या रिंगणाभोवती उभे राहून केलेले होते. खुराड्यापाशी कोणी वाकले नाही.

आम्हांस आठवणारा अपवाद वराहमिहिराचा. बृहत्संहितेत कुक्कुटलक्षणाचा एक अगदी लहान अध्याय आहे व त्याच्या शेवटी कोंबडीसाठी एक श्लोक खर्ची पडला आहे. मृदू व मधुर बोलणारी, तुकतुकीत अंगाची, मुख व नेत्र सुंदर असलेली कोंबडी राजाला श्री, यश व विजय देते, असा त्याचा आशय. यातील आवाजाची खूण आम्हांस मोलाची वाटते. निर्धास्तपणे दाणे टिपणारी कोंबडी खरोखरच स्वतःशी हलकेच बोलत असते, आणि ते ऐकण्यास जवळ जावे लागते. ज्योतिषी जवळ गेला होता खास! परंतु हीच कोंबडी चार-सहा दिवसांनी खुडूक झाली म्हणजे काय होते? तिचा स्वर घोगरा होतो, पिसे फुलारतात, पोटाखालची पिसे झडून कातडी उघडी पडते, जवळ आलेल्या हातावर ती चोच मारते. श्लोकातील एकही लक्षण तिच्या ठायी उरत नाही. ज्या काळात ती आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठे कार्य करीत असते, नेमक्या त्याच काळात ती शास्त्राच्या कसोटीस उतरत नाही. हा दोष कोंबडीचा नव्हे, लक्षणकाराचा होय.

वस्तुतः खुडूक कोंबडीइतका एकाग्र जीव परसात दुसरा नाही. एकवीस दिवस ती बसून असते. दिवसाकाठी एकदा उठते, घाईने चार दाणे व पाणी घेते, धुळीत अंग घुसळते आणि अंडी निवण्यापूर्वी परतते. पोटाची उघडी कातडी अंड्यांस भिडावी म्हणूनच ती पिसे गेलेली असतात. चोचीने ती अंडी वरचेवर फिरवते. न फिरविल्यास आतील जीव कवचाला चिकटून मरतो. तिला बसविणाऱ्या गृहिणीचे ज्ञानही कमी सूक्ष्म नसते. अंडी आठवड्यापेक्षा जुनी घ्यायची नाहीत, तीही कोंबडीच्या पंखांखाली मावतील तेवढीच, दहा-बारा. टोपलीत गवत घालायचे, पिसवा होऊ नयेत म्हणून राख घालायची, आणि कोंबडीला रात्री अंधारात बसवायचे, म्हणजे ती नवी जागा मुकाट्याने पत्करते. सातव्या-आठव्या दिवशी दिव्यासमोर अंडे धरले की आतील लाल शिरांचे जाळे दिसते. ज्यात ते नाही ते वांझ. शेवटच्या तीन दिवसांत मात्र हात लावायचा नाही. त्या वेळी कवचाच्या आतून पिलू चिवचिवते आणि आई बाहेरून त्याला उत्तर देते. या संवादावर आमच्या वाचनात तरी एकाही कवीची ओळ आलेली नाही.

असे का व्हावे? आमचे मत स्पष्ट आहे. मनूने ग्रामकुक्कुट द्विजांस अभक्ष्य ठरविला आणि त्यासोबत तो पक्षी लिहिणाऱ्यांच्या अंगणातूनही बाहेर गेला. ज्यांनी लिहिले त्यांनी कोंबडी पाळली नाही. ज्यांनी पाळली त्यांच्या हाती लेखणी आली नाही. देवळाच्या व्यवहारातही कोंबडा तेवढा दिसतो. कोकण-गोव्यात राखणीला कोंबडा द्यावयाचा असतो. आठ-दहा माद्यांमागे एक नर पुरतो, उरलेले जास्तीचे; हा हिशेब त्या प्रथेला सोयीचाच पडतो. कोंबडी मात्र घरी राहते, म्हणूनच ती ना कथेत येते ना पुराणात.

याचा परिणाम आमच्या नीतिकथांवरही झालेला आहे. पंचतंत्रातील मुंगूस ब्राह्मणाच्या बाळाला सापापासून वाचवतो व निष्कारण मारला जातो. कथा हृद्य आहे खरी, पण ती सांगणाऱ्याच्या घरी कोंबड्या नसाव्यात. ज्या घरी असतात तेथे मुंगूस हा पहिला संशयित! हितोपदेशातील दीर्घकर्ण मांजर व जरद्गव गिधाड यांची गोष्ट याहून सच्ची उतरली आहे. मांजर पिले खाते, हाडे गिधाडाच्या ढोलीत टाकते, आणि पक्षी हाडे पाहून राखणदारालाच ठार करतात. सकाळी गुडाचे दार उघडणारी कोणतीही बाई इतकी उतावीळ नसते. अंडी नाहीत व कवचेही नाहीत, तर साप आला होता. फुटकी कवचे पडली आहेत, तर मुंगूस. तळाशी माती उकरलेली आहे, तर घूस. भर दिवसा पिलू गेले व मागमूस नाही, तर घार. आणि त्या आधी कोंबडीने दिलेली हाक जमिनीवरच्या शत्रूसाठी दिलेल्या हाकेहून निराळी होती, हेही तिच्या कानाने टिपलेले असते.

आता वाङ्मय सोडून आजच्या मार्गदर्शक पुस्तिकांकडे वळावे, तर तेथे निराळीच गत. तेथे कोंबडी आहे, किंबहुना तीच आहे, परंतु खुडूकपणाची गणना दोषांत केलेली असते व तो मोडावा कसा, एवढेच सांगितलेले असते. अंड्यांच्या हिशेबाने ते चूक नाही, कारण बसलेली कोंबडी अंडे देत नाही. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने सिद्ध केलेली वनराजा ही जात परसातच वाढते व देशी कोंबडीहून पुष्कळ अधिक अंडी देते. गरीब घराला तिचा आधार झाला आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण ती सहसा खुडूक होत नाही. म्हणजे पिले दर खेपेस विकत आणावयाची, किंवा तिची अंडी शेजारणीच्या देशी कोंबडीखाली नेऊन ठेवावयाची. पुस्तिकाकारांनी ही गोष्ट दोन ओळींत उरकली आहे, आणि आमची तक्रार नेमकी तेथे आहे. जाळीच्या छिद्रांचे माप ते देतात, लसींचे वेळापत्रक देतात, ते उपयुक्तही आहे. पण एकही देशी कोंबडी न उरलेल्या वाड्यात ती अंडी कोणाखाली ठेवावीत, हा प्रश्न त्यांना पडत नाही. तेथील सुना आजही सासूबाईंकडून खुडूक हा शब्द ऐकतात; पण त्या शब्दाचा जीव त्यांनी पाहिलेला नाही.