‘गोळी घेतलीस का?’ ही टीका असते का?

बायपोलर आजार असलेल्या माणसाच्या घरात हे वाक्य रोज एकदा तरी कानावर पडतं. विचारणाऱ्याला ती काळजी वाटते, ऐकणाऱ्याला पहारा. संशोधनात हे कसं मोजतात आणि ते कितपत पटतं, हे आज बघू.

लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि सहकाऱ्यांनी ‘एक्स्प्रेस्ड इमोशन’ ही कल्पना मांडली. रुग्णाबद्दल बोलताना घरचा माणूस किती टीका करतो, किती तिटकाऱ्याने बोलतो, किती गरजेपेक्षा जास्त गुंततो, हे मुलाखत रेकॉर्ड करून मोजायचं. शब्दांबरोबर आवाजाचा सूरही धरायचा. हे काम मुळात स्किझोफ्रेनियावरचं. १९८८ मध्ये डेव्हिड मिक्लोविट्झ यांच्या गटाने तेच बायपोलरला लावून पाहिलं. रुग्ण २३, पाठपुरावा ९ महिने. ज्या घरांत ताणाचं वातावरण जास्त, तिथे आजार उलटण्याचं प्रमाण जास्त निघालं.

इथे माझी हरकत आहे. अशी मुलाखत बहुतेकदा रुग्ण दाखल असतो त्या सुमारास घेतात. म्हणजे आठवडाभर जागून, रिकामं झालेलं बँक खातं बघून जिने नवऱ्याला दवाखान्यात आणलं, तिचा सूर आपण नेमका तेव्हा मोजतो. तो सूर आजार उलटण्याचं कारण, की आजाराचाच परिणाम? २३ जणांच्या अभ्यासातून हे ठरत नाही. पण ‘घरचे बोलतात म्हणून आजार उलटतो’ हे वाक्य सुटसुटीत आहे, म्हणून पसरतं, आणि दोष जोडीदाराच्या माथी येतो.

याच गटाचा २००५ चा अभ्यास मला जास्त कामाचा वाटतो. त्यांनी ३६० रुग्णांनाच विचारलं: घरचे किती टीका करतात, आणि ती तुम्हाला किती लागते? पुढच्या वर्षभराच्या तब्येतीशी संबंध दिसला तो दुसऱ्या उत्तराचा. अर्थात, मन आधीच खचलेलं असेल तर साधा प्रश्नही लागतोच, हे इथेही विसरून चालणार नाही.

म्हणून ‘टीका करू नका’ हा सल्ला अर्धवट आहे. तब्येत बरी असताना दोघांनी बसून ठरवा: किती रात्री झोप कमी झाली की डॉक्टरांना फोन करायचा? गोळीची आठवण कुणी, कोणत्या शब्दांत करायची? कुटुंबाला धरून केलेल्या उपचारात औषधांच्या जोडीने असंच काहीसं शिकवतात. २००३ च्या १०१ रुग्णांच्या अभ्यासात, दोन वर्षांत, हा उपचार घेणाऱ्यांपैकी ३५ टक्के जणांचा आजार उलटला. तुलनेच्या गटात ५४ टक्के जणांचा.

फरक मोठा आहे. पण ते ३५ टक्केही नीट वाचा. बोलायला शिकलेल्या घरांतही आजार उलटतो. तुमच्याकडे तसं झालं, तर ‘माझंच काय चुकलं?’ हा पहिला प्रश्न असायलाच हवा असं नाही.