म्हाताऱ्या राणीचे पटिभान

पेगूच्या मोन राणीच्या कथा आपल्याकडे जेव्हा सांगितल्या जातात, तेव्हा श्रोते हसतात आणि पुढे जातात. या हसण्यात त्या राणीवर थोडा अन्याय होतो, असे माझे मत आहे. दोष मात्र श्रोत्यांचा नव्हे, कथा रचणाऱ्यांचा आहे.

शिन सॉबू ही राजा राजाधिराजाची कन्या. १४२३ मध्ये ती आवाच्या राजवाड्यात गेली, पण तेथे रमली नाही. काही वर्षांनी दोन मोन भिक्खूंच्या साहाय्याने ती निसटली व नदीमार्गे पेगूला परतली. राजकुलातील पुरुष वारस संपल्यावर, सुमारे १४५४ मध्ये, ती स्वतः सिंहासनावर बसली. ब्रह्मदेशाच्या ज्ञात इतिहासात स्वतःच्या अधिकाराने राज्य करणारी अशी दुसरी स्त्री दाखविणे कठीण आहे.

तिची सर्वांत प्रसिद्ध कथा पालखीची. नगरातून जाताना तिच्या रक्षकांनी एका वृद्धाला बाजूला ढकलले. तो संतापून म्हणाला की, मी म्हातारा असलो तरी मला अजून मूल होऊ शकते, तुमच्या म्हाताऱ्या राणीला ते जमायचे नाही! राणीने त्याला शिक्षा केली नाही. उलट तिने ‘बन्या थौ’, म्हणजे म्हातारी राणी, हेच बिरुद स्वीकारले. अपमानाचा शब्द उचलून त्यालाच आपले नाव करणे, ही साधी विनोदबुद्धी नव्हे. पालि साहित्यात ज्याला ‘पटिभान’ म्हणतात, ती प्रसंगी तत्काळ स्फुरणारी प्रज्ञा येथे आहे. ज्यांच्या नावातच इतरांनी हिणकसपणा ओतला होता, अशा समाजाच्या वाचकांना हे अधिक सांगायला नको.

परंतु इतिवृत्तकार काय करतो? तो म्हणतो, राणीने त्या शब्दांना दैवी संकेत मानले. म्हणजे विचार राणीचा नव्हे, आकाशाचा!

पात्रांच्या कथेतही हीच युक्ती आहे. राणीला वारस निवडायचा होता. तिने त्या दोन भिक्खूंसमोर दोन सारखी पात्रे ठेवली. एकात भोजन, दुसऱ्यात गृहस्थाची वस्त्रे व राजचिन्हे. धम्मचेतीच्या हाती दुसरे पात्र आले. त्याने चीवर सोडले आणि राणीच्या कन्येशी विवाह केला. कथा सुरेख आहे, पण तिने एका विचारी शासिकेला सोडत काढणारी बाई करून टाकले. ज्याची विद्वत्ता व निष्ठा तिने आवाच्या दिवसांपासून पारखली होती, त्याला निवडण्यासाठी तिला पात्रांची गरज होती काय? तिची निवड किती अचूक होती, याची साक्ष १४७९ च्या कल्याणी शिलालेखांत आहे. उपसंपदेच्या शुद्धीसाठी धम्मचेतीने सिंहलद्वीपाला भिक्खू पाठविले, त्याचा वृत्तान्त त्यांत पालि व मोन भाषांत कोरलेला आहे. आम्ही पालिचे अभ्यासक त्या शिलालेखांवर पाने लिहितो आणि राणीला एक ओळ देतो.

याउलट संयुत्तनिकायातील मल्लिका पाहावी. तुला स्वतःहून अधिक प्रिय कोण, असे पसेनदी विचारतो, आणि ती राजाचे नाव घेत नाही. आपल्याला स्वतःहून प्रिय कोणी नाही, असे सरळ सांगते. येथे कोणताही संकेत नाही. भगवंत त्या उत्तराला तर्काची जोड देतात: प्रत्येकाला स्वतः प्रिय आहे, म्हणून इतरांना इजा करू नये. मल्लिका राज्य करीत नव्हती, अट्ठकथेनुसार ती माळ्याची मुलगी होती. तरी निकायाने तिची बुद्धी तिच्यापाशीच राहू दिली. राज्य करणाऱ्या मोन राणीला इतिवृत्ताने तेवढेही दिले नाही.

कथाकारांना प्रिय असलेला तिसरा प्रसंग म्हणजे श्वेडगोन चेतियाला स्वतःच्या वजनाइतके सोने वाहण्याचा. १९५४ च्या डिसेंबरात बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले, तेव्हाही हे सोनेरी चेतिय त्या शहराची ओळख होते. येथे मला राणीचेही पूर्ण समर्थन करता येत नाही. ब्रह्मदेशातील चेतियांना भूमी व सोन्याप्रमाणे माणसेही वाहिली जात. त्या दासांचे वंशज पिढ्यान्‌पिढ्या समाजाबाहेर राहिले. सोन्याची कथा रंगवून सांगणारे या माणसांचा उल्लेखही करीत नाहीत. १४७१ मध्ये राणी वारली. चेतियाला झळाळी देण्याची प्रथा पुढील राजांनी चालू ठेवली, आणि धम्मचेतीने तर सासूपेक्षाही अधिक सोने वाहिले.